नकाशा आणि नेमबाजी: हातात मावणाऱ्या अंतराळयुद्धाच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५

काय करायचंय ते आधी लिहून ठेवते. हातात धरून, बॅटरीवर चालणारा अंतराळयुद्धाचा खेळ. आधी नकाशावर लेखणीने रेषा ओढून आपल्या विमानांचे मार्ग आखायचे. मार्ग शत्रूला भिडला की कॉकपिटमध्ये बसून गोळीबार. लढाई संपली की परत नकाशा.

कल्पना माझी नाही. २००६ साली निन्टेन्डो डीएसवर ‘स्टार फॉक्स कमांड’ आला, तो याच घडणीचा. टच स्क्रीनवर मार्ग आखायचे आणि ठरलेल्या चालींत शत्रूला मुख्य जहाजापर्यंत पोचू द्यायचं नाही. डीएसला दोन स्क्रीन होते, माझ्याकडे एकच असणार. त्यामुळे नकाशा आणि लढाई आळीपाळीने दिसतील.

यंत्र कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गाळ्यातच बनवायचं. दिवसभर फाउंड्रीवाल्यांचे कंट्रोल पॅनेल वायर करतो, संध्याकाळी सातनंतर टेबल मोकळं. भाचा डिप्लोमाला आहे, तो जोडीला.

आणलेला माल: ईएसपी३२ बोर्ड (यंत्राचा प्रोसेसर याच्यावरच) ४५० रुपये, टच असलेला २.८ इंची आयएलआय९३४१ डिस्प्ले ८५०, जॉयस्टिक ९०, बटणं आणि रेझिस्टर ६०, एक १८६५० मापाचा लिथियम सेल २२०, चार्जिंगचं टीपी४०५६ मॉड्यूल ४०, पाच व्होल्टचं बूस्ट मॉड्यूल ७०, पीएएम८४०३ ॲम्प्लिफायर ५०, छोटा स्पीकर ४०.

२१ जून

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीवर) जोडणी केली आणि बोर्ड मेला असंच वाटलं. प्रोग्राम चढतो, पण बंद करून चालू केलं की काही नाही. दुसरा बोर्ड आणला, ४५० आणखी गेले, आणि त्यानेही तेच केलं. मग डिस्प्लेच्या वायरी एकेक काढत गेलो. १२ नंबरच्या पिनची वायर काढली की बोर्ड उठतो.

कारण असं. ईएसपी३२ चालू होताना १२ नंबरच्या पिनवर व्होल्टेज आहे (पिन वर) की नाही (खाली) हे बघतो आणि त्यावरून प्रोग्राम साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीला किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतो. पिन वर असली तर १.८ देतो. आपल्या बोर्डावरची फ्लॅश ३.३ ची, ती काय उठणार? डिस्प्लेचा डेटा मी त्याच पिनवर आणला होता, कारण बऱ्याच आकृत्यांत तसंच दाखवलेलं असतं. आता डिस्प्ले १८, १९ आणि २३ वर आहे. १२ नंबर रिकामा ठेवायचा, तिथे काहीही जोडायचं नाही.

बटणांचंही तसंच. ३४ आणि ३५ वर दोन बटणं लावली तर कोणी हात न लावता गोळ्या सुटायला लागल्या. ३४ पासून ३९ पर्यंतच्या पिना फक्त इनपुटच्या, त्यांना आतला पुल-अप, म्हणजे बटण दाबलेलं नसताना पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर, नाही. कोडमध्ये पुल-अप चालू करा म्हटलं तरी काही होत नाही आणि एररही येत नाही. बाहेरून ३.३ व्होल्टला दहा-दहा किलोओहमचे रेझिस्टर लावले आणि गोळ्या थांबल्या.

५ जुलै

स्क्रीन. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून जरा सविस्तर.

३२० गुणिले २४० ठिपके, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे पूर्ण चित्राला १,५३,६०० बाइट. ईएसपी३२ मध्ये रॅम ५२० केबी लिहिलेली असते, म्हणून मी निश्चिंत होते. पण ती रॅम तुकड्यातुकड्यांत असते. सलग एवढा मोठा तुकडा मिळतच नाही. मागणी केली की शून्य पत्ता हातात येतो, आणि तिथे लिहायला गेलं की ‘गुरू मेडिटेशन’ एरर देऊन बोर्ड रीसेट.

उपाय: प्रत्येक ठिपक्याला एकच बाइट. रंग २५६ पुरे, अंतराळ तसंही काळं. चित्र ७६,८०० बाइटवर आलं आणि ते सहज बसतं. डिस्प्लेला पाठवताना सोळा-सोळा ओळींची पट्टी घेऊन तिचे खरे रंग करायचे आणि डीएमएकडे (प्रोसेसरला न गुंतवता डेटा पाठवणाऱ्या भागाकडे) द्यायची. एक पट्टी जात असताना प्रोसेसर दुसरी तयार करतो. पट्टीला १०,२४० बाइट लागतात, अशा दोन.

तरी वेग एका मर्यादेपुढे जात नाही. एसपीआय, म्हणजे बोर्डाकडून डिस्प्लेला डेटा नेणारी जोडणी, ४० मेगाहर्ट्झवर धरला तर पूर्ण चित्र पाठवायलाच जवळपास ३१ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला ३२ चित्रं, तीसुद्धा बाकी सगळं फुकटात झालं तर. म्हणून खालच्या ४० ओळी वेगळ्या काढल्या. तिथे इंधन, ढाल असे आकडे असतात आणि ते बदलले तरच पाठवायचे. वरच्या २०० ओळींना २५.६ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ३० चित्रांवर खेळ बांधून टाकला. ३० पक्के असले की हाताला सवय होते. कधी ३८, कधी २२ झालं की नेम चुकतो.

१२ जुलै

शत्रूची विमानं रेषांची केली, आत रंग भरायचा नाही. चार विमानं आली की चित्रं तिसावरून अकरावर. भाचा म्हणाला, “मावशी, प्रोसेसरच बदलू की.” मला ते पटलं नाही. १९९२ साली गेम बॉयवर ‘एक्स’ नावाचा रेषांचा त्रिमितीय खेळ आला होता, तो डिलन कथबर्टने लिहिला. गेम बॉयचा प्रोसेसर जेमतेम ४ मेगाहर्ट्झचा. आपल्याकडे २४० आहेत.

शोधता शोधता कोडमधला ०.५ सापडला. नुसतं ०.५ लिहिलं की कम्पायलर तो दुहेरी अचूकतेचा आकडा समजतो. ईएसपी३२ मध्ये एकेरी अचूकतेसाठी हार्डवेअर आहे, दुहेरीसाठी नाही. तो हिशोब सगळा सॉफ्टवेअरने होतो आणि फार हळू होतो. प्रत्येक आकड्यामागे एफ लावला, म्हणजे तो एकेरी धरला जातो. साइन-कोसाइनचा १,०२४ घरांचा तक्ता सुरुवातीलाच भरून ठेवला. चार विमानं असताना आता ३० टिकतात.

आणखी एक. शत्रू अगदी जवळून मागे निघून गेला की स्क्रीनवर आडव्यातिडव्या लांब रेषा चमकून जायच्या. रेषेचं एक टोक आपल्या पुढे आणि दुसरं पाठीमागे असलं की खोलीने (आपल्यापासूनच्या अंतराने) भागताना मागच्या टोकाचं चिन्ह उलटतं आणि ते टोक भलतीकडेच जातं. भागाकार करायच्या आधी रेषा नाकासमोरच्या पातळीवर कापायची. नंतर कापून उपयोग नाही.

२६ जुलै

पाऊस लागून आहे, उद्यमनगरात लाइट येजा करतेय. बॅटरीचं काम आत्ताच घेतलं.

गोळी झाडली की यंत्र रीसेट व्हायचं. संगणकावर ओळ उमटायची की व्होल्टेज कमी पडलं. स्पीकरचा ठोका, डिस्प्लेचा दिवा आणि प्रोसेसर एकदम ओढतात आणि बूस्ट मॉड्यूल क्षणभर बसतं. बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनेला चिकटून ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला. ब्रेडबोर्डच्या केसासारख्या वायरी काढून गाळ्यातली पॅनेलची ०.७५ चौरस मिलिमीटरची जाड वायर टाकली. वायफाय आणि ब्लूटूथ कोडमधूनच बंद. त्यानंतर रीसेट नाही.

आवाजात मात्र बारीक किणकिण राहिली. ॲम्प्लिफायरचा ग्राउंड वेगळ्या वायरीने थेट बॅटरीच्या टोकाला नेला तेव्हा ती निम्म्याने कमी झाली.

९ ऑगस्ट

नकाशा सुरू. मुख्य जहाजाचं नाव पन्हाळा. विमानं तीन: रांगणा, भुदरगड, पारगड.

लेखणीने ओढलेली रेषा थरथरत होती. हा टच दाबाने चालतो. लेखणी टेकतानाचा आणि उचलतानाचा दाब हलका असतो, म्हणून त्या क्षणांचे आकडे भरकटतात. रेषेच्या दोन्ही टोकांना शेपट्या फुटायच्या, आणि इथे रेषेची लांबी म्हणजेच इंधन. शेपटीपायी इंधन जळतंय हे खेळणाऱ्याला कसं पटणार? आता एका जागी पाच आकडे घेऊन मधला धरते, दाब ठरावीक पातळीच्या खाली असला तर टाकून देते, आणि आधीच्या बिंदूपासून सहा ठिपके तरी सरकल्याशिवाय नवा बिंदू घेत नाही. रेषा एकदम स्वच्छ झाली.

टचची चिप डिस्प्लेच्याच एसपीआयवर आहे आणि ती हळू वेगाने वाचावी लागते, मी अडीच मेगाहर्ट्झवर वाचते. डिस्प्लेला पट्टी जात असताना मध्येच टच वाचला तर चित्र फाटतं. म्हणून टच फक्त नकाशात आणि दोन चित्रांच्या मधल्या फटीत. लढाईत सुकाणू जॉयस्टिककडेच.

शत्रू किती जवळ आला हे दाखवायला आधी साधा लाल पट्टा होता. तो कोणी बघेना. मग त्या जागी फूटपट्टी उभी केली. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फूट झाली की इशारा, ४३ झाली की धोका, हे आकडे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतात. २०१९ आणि २०२१ नंतर तर जास्तच. खेळात सुरुवात २५ ला. प्रत्येक चालीला, पन्हाळ्याच्या टापूत जितके शत्रू तितके फूट पातळी वाढते. ३९ ला पन्हाळ्यावरची दुरुस्ती बंद, ४३ ला जहाज सोडून निघावं लागतं, खेळ संपला. भाच्याला समजावून सांगावं लागलं नाही. ३८ दिसल्यावर तो खुर्चीत सरळ होऊन बसला.

३० ऑगस्ट

गणपती बसलेत. यंत्र अजून उघड्या बोर्डावरच आहे, तसंच पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मंडपात नेलं. रात्री आरतीनंतर पोरांच्या हातात दिलं आणि मागे उभी राहिले.

लढाई सगळ्यांना आवडली. नकाशा कोणालाच नाही. नकाशा आला की पोरं भराभर सरळ रेषा ओढायची आणि कधी एकदा लढाई येते म्हणून बटण दाबत राहायची. एक जण म्हणाला, “काकू, हे रेघा मारायचं काढून टाका की, डायरेक्ट फायटिंग लावा.”

पोरगा बरोबर बोलत होता. मार्ग कसाही आखला तरी लढाई तीच येत होती: शत्रू समोर, ढाल पूर्ण, इंधनाचा लढाईशी संबंध नाही. मग डोकं कशाला घालायचं? एका डब्यात दोन वेगळे खेळ ठेवले होते मी. त्या रात्री घरी येऊन कोड उघडलं नाही. वही घेतली आणि एकच प्रश्न लिहिला: नकाशावरची कोणती गोष्ट कॉकपिटमध्ये जाणवते, आणि कॉकपिटमधली कोणती नकाशावर?

६ सप्टेंबर

वहीतून कोडमध्ये उतरलेल्या गोष्टी.

शत्रूच्या वर्तुळात रेषा ज्या बाजूने शिरते, लढाई त्या बाजूने सुरू होते. वळसा घालून मागून शिरलात तर शत्रूची शेपटी समोर आणि पहिले काही सेकंद त्याला पत्ता नसतो. सरळ नाकावर गेलात तर त्याच्या गोळ्या आधी येतात. पण वळशाला रेषा लांब लागते.

आणि उरलेलं इंधन म्हणजेच लढाईत विमानाला मिळणारा वेगाचा झटका. लांब वळसा घेतला तर शेपटी मिळते पण झटका नाही. आखूड मार्ग घेतला तर झटका आहे पण समोरासमोर भिडावं लागतं. हा एकच नियम घातला आणि नकाशावर हात थबकायला लागले. मी स्वतः रांगणाची रेषा पुसून पुन्हा ओढत बसले.

ढाल लढाईनंतर आपोआप भरत नाही. पन्हाळ्याजवळ एक चाल थांबलं तरच भरते, आणि ३९ च्या वर तीही नाही.

लढाईत घड्याळ चालतं. दर २० सेकंदांना नकाशावरचे बाकीचे शत्रू एक पाऊल पुढे सरकतात. खालच्या पट्टीत पातळी डोळ्यांसमोर वाढताना दिसते. पूर्वी पोरं एकाच शत्रूभोवती मजेत घिरट्या घालायची, आता लवकर उरकतात.

पहिल्यांदा हे पाऊल दर दहा सेकंदांना ठेवलं होतं. तेव्हा कितीही चांगलं लढलं तरी हरायचं. तीस केलं तर घाईच राहिली नाही. २० वर येईपर्यंत आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी गेल्या. यासाठी सूत्र नाही, कोणाला तरी खेळायला देऊन मागे उभं राहावं लागतं.

१३ सप्टेंबर

अर्धवट लढाई. वेळ संपला किंवा आपण पळालो तर शत्रू आधी पूर्ण ताकदीने परत यायचा. खेळणाऱ्याला वाटायचं की मघाचं सगळं वाया गेलं. आता त्याची उरलेली ताकद नकाशावर त्याच्या खुणेखाली दिसते. रांगणाने अर्धा केलेला शत्रू पुढच्या चालीत पारगडने संपवायचा, असं करता येतं. भाच्याने हे स्वतःहून केलं, मी सांगितलं नव्हतं, तेव्हा फार बरं वाटलं.

खेळ साठवणं: चाल संपली की एकदाच फ्लॅशमध्ये लिहायचं. लढाई चालू असताना सतत लिहू नका. फ्लॅशला लिहिण्या-पुसण्याची मर्यादा असते आणि लिहिताना चित्र अडखळतं.

२७ सप्टेंबर

डबा. तीन मिलिमीटर ॲक्रिलिक, लेझरवर कापून घेतलं, तीन थर, मध्ये एम३ चे पितळी स्पेसर. कटिंगचे ३५० रुपये, स्क्रू-स्पेसरचे ८०. पहिल्या कापात स्क्रीनची खिडकी काचेच्या मापाने दिली होती. दिसणारा भाग काचेपेक्षा लहान असतो, त्यामुळे डिस्प्लेची काळी कड उघडी पडली. पुन्हा कापून घेतलं, आणखी १२० गेले. माप डिस्प्ले चालू करून, उजळ चौकोनाचं घ्यायचं.

जॉयस्टिकची मूळ टोपी मोठी आहे, खिशात अडकते. शेजारच्या गाळ्यातल्या लेथवाल्या मामांनी डेल्रिनच्या (कडक प्लास्टिकच्या) तुकड्यातून नवी काढून दिली. मधे खोलगट, कडेला बारीक नर्लिंग (पकडीसाठी खरखरीत खाचा). अंगठा घामेजला तरी सरकत नाही. “ताई, जॉब छोटा आहे म्हणून काय झालं, फिटिंग बसलंच पाहिजे,” म्हणाले आणि दोनदा परत चकमध्ये धरली. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र घेतला.

डबा बंद केल्यावर चार्जिंगला हात लावला तर चटका बसेल इतकं गरम. टीपी४०५६ मॉड्यूल १.२ किलोओहमच्या रेझिस्टरवर एक अँपिअरने चार्ज करतं, उघड्यावर ते चालून जातं. तो रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावला. करंट ५८० मिलिअँपिअरवर आला. चार्जिंगला वेळ जास्त लागतो, पण डबा कोमट राहतो. बंद डब्यात लिथियमचा सेल आहे, इथे घाई करू नका.

११ ऑक्टोबर

दसऱ्याला यंत्राची पूजा गाळ्यातल्या ड्रिल आणि क्रिम्पिंग टूलच्या शेजारी झाली.

एकूण खर्च २,८७० रुपये. त्यात दुसऱ्या बोर्डाचे ४५० आणि वाया गेलेल्या कापाचे १२० धरलेत. दुसरा बोर्ड शाबूत आहे, तो पुढच्या नगाला. सेल भरलेला असला की चार तासांच्या आसपास चालतं. डिस्प्लेचा दिवा कमी केला तर थोडं जास्त.

राहिलेलं काम: आवाजातली किणकिण पूर्ण गेलेली नाही. बूस्ट मॉड्यूलच्या बाहेर गाळणी लावून बघणार आहे. एकाच यंत्रावर दोघांना खेळायला द्यायचंय, म्हणजे एकाने नकाशा आखायचा आणि दुसऱ्याने उडवायचं. भाच्याचं म्हणणं, आखणाऱ्याला लढाई चालू असतानाही बोलायला मुभा पाहिजे. माझं म्हणणं, नको. दोन्ही करून पाहू, मंडळातली पोरं सांगतील.

कोणी बनवायला घेतलं तर माझ्या जोडण्या अशा: डिस्प्ले १८, १९, २३, सिलेक्ट (कोणत्या चिपशी बोलायचं ते ठरवणारी पिन) ५ वर, टचचा सिलेक्ट २१ वर, जॉयस्टिक ३२ आणि ३३ वर, बटणं ३४, ३५, ३६, ३९ वर आणि चारही बटणांना बाहेरून पुल-अप, आवाज २५ वर. १२ रिकामा.